आधी त्यालेच इचारू

टेबलावरचा चिप बसवलेला बोर्ड अडला की आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. आमची नवी सहायक ओढणी मागे टाकून खुर्ची पुढे ओढायची आणि म्हणायची, "आधी त्यालेच इचारू ना, सर."

आणि खरोखर विचारायची. यवतमाळच्या आमच्या तंत्रनिकेतनात मी अठरा वर्षं एकाच पद्धतीने शिकवत होतो. अख्खा प्रोग्राम लिहायचा, चिपवर चढवायचा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ही प्रयोगशाळेत सहायक म्हणून आली आणि एडिटरमध्ये एकच ओळ लिहून दोन बटणं दाबू लागली. ओळ वायरीतून चिपकडे जायची, उत्तर लगेच त्या ओळीखाली उमटायचं.

"पाहा सर, बोलून राह्यला!"

माझ्या पोटात दुखायचं. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच, ज्याला सगळं सहज जमतं आणि वर गर्वही नसतो. गर्व असता तर निदान चार शब्द वाईट बोलता आले असते. ही तर मलाच खुर्ची द्यायची. "तुमी बसा, मी आहो ना बाजूले."

नवी प्रयोगशाळा कुणाकडे द्यायची हे प्राचार्यांना ठरवायचं होतं. मी सगळ्यांत जुना, पण स्टाफरूममध्ये नाव तिचं निघे.

अशात दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात कापसातली ओल मोजणारं आमचं यंत्र दाखवायचं होतं. आकडे चुकीचे येत होते. ती कापसाच्या ढिगाला टेकून बसली, मांडीवर लॅपटॉप. मूठभर कापूस यंत्रात घालायचा, एक ओळ बदलायची, पाठवायची. तासाभरात आकडे बरोबर आले.

पण त्या ओळी चिपला फक्त तोंडी सांगितलेल्या होत्या. चिपवरच्या फाइलीत तिने काहीच साठवलं नव्हतं. वीज गेली की सगळं पुसलं जाणार, हे मला दिसत होतं. एवढ्यात यंत्र पाहायला प्राचार्य आले. मी गप्प राहिलो.

आणि वीज गेली. परत आली तेव्हा यंत्र जुनेच आकडे दाखवत होतं. प्राचार्यांनी तेवढंच पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले. तिने त्याच ओळी पुन्हा पाठवून दोन मिनिटांत यंत्र ठीक केलं, पण पाहायला मी एकटाच होतो.

"इसरलं बिचारं. म्या फाइलीत टाकलंच नव्हतं," ती म्हणाली. मग जरा हसून, "तुमच्याबी ध्यानात नाही आलं, म्हंजे माही चूक तेवढी मोठी नसन, नाही का सर?"

"नाही," मी म्हणालो.

प्रयोगशाळा मला मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात ती वणीला नोकरीवर गेली. जाताना तिचा बोर्ड माझ्या टेबलावर ठेवून गेली.

आता मीही तिच्यासारखा एकेक ओळ पाठवून शिकवतो. कुणी उठायला लागलं की आधी हटकतो, "फाइलीत टाकलं का?" आजवर एकाही मुलाला हे सांगायला विसरलो नाही.

तिला तेवढं सांगितलं नाही.