भाट्याच्या वळणावरची पाडी

"भात कापलं की गुरं मोकळीच असतात, हे काय नवं आहे ओ तुम्हाला?" कुसुम नवऱ्याला विचारत होती.

"मग सोडणाऱ्यांचा काहीच दोष नाही?"

"आपली दोन कोणी सोडली? तुम्हीच ना?"

मासळी पोचवून आलेला दिगंबर पायरीवर बसला. बावीस वर्षं तो मासळीचा टेम्पो चालवत होता. तासाभरापूर्वी भाट्याच्या वळणावर एका पाडीला, गाईच्या लहान वासराला, त्याची धडक बसली, आणि बर्फ वितळेल म्हणून तो थांबलाच नाही.

"जिवंत होती?"

"मान हलवत होती."

गुडघ्यावर हात टेकून तो उठला.

"गुरांच्या डॉक्टरला घेऊन तिथे जातो. मग पोलीस ठाण्यात. थांबलो नाही, हेही सांगणार. लायसन गेलं तर गेलं."