तिनं पारखून घेतलेली जागा

बायकोचं दुखणं कमरेच्या हाडात उतरलं, त्या वर्षी मी चहा गाळता गाळता उभ्यानं झोपायचो. चहा ओट्यावर पसरायचा आणि तिची हाक आली की जाग यायची. फौजेत असताना बर्फात पहारे केले होते, पण तिथं आपली वेळ संपली की दुसरा गडी येऊन उभा राहायचा. इथं दुसरा गडी नव्हता. मुलगा पुण्याला नोकरीत, सुट्टी मिळेल तसा यायचा. थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, शेजारच्याच घरात होत्या, पण त्यांचेही गुडघे गेलेले. हिला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, न्हाऊ घालायचं, सगळं माझ्याच अंगावर होतं. वळवताना ती ओरडू नये म्हणून पदराचा बोळा दातात धरायची. तो बोळा बघितला की मी वळवता वळवता अर्ध्यातच थांबायचो.

कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, केमो झाली होती. शेवटी सांगलीच्या डॉक्टरांनी फाईल मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आता आजाराच्या मागं लागण्यात अर्थ नाही. त्यांचं दुखणं कमी कसं होईल ते बघू या. घरी तुमच्यानं होणार नाही, तुमचा चेहराच सांगतोय." शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणाऱ्या दोन जागा त्यांनी सांगितल्या. एक साताऱ्याजवळ हायवेला लागून, दुसरी रहिमतपूरच्या पुढं. म्हणाले, "दोन्ही बघून या, मग ठरवा."

कडेगावला घरी परत येताना मी मनात ठरवलं होतं की एखाद्या दिवशी एकटाच जाऊन बघून यावं. हिला ते कळलं.

"मी बी येनार," ती म्हणाली.

"अगं, तुला गाडीत बसवत नाही. साताऱ्यापर्यंत कशी येशील?"

"पोरगी बघाय गेल्यागत तुमी एकलं जाऊन पसंत करून याल. ऱ्हायचं मला हाय."

लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षं मी पलटणीत आणि ही इथं. ऊस लावणं, तोडणी, मुलाची शाळा, सगळं तिनं एकटीनं रेटलं होतं. ती आटपाडीकडची, पाण्यासाठी वणवण केलेल्या घरातली. दुसऱ्यानं बघून ठरवलेलं तिला कधी चाललंच नाही.

वहिनींना हे कळलं तेव्हा त्या दारातच उभ्या राहून बोलल्या. "भावजी, लोक काय म्हनतील? जन्मभर राबली आन् शेवटाला बाहीर नेऊन टाकली. सासूबाईंचं मी घरातच केलं न्हवं?" भांडायलाही अंगात जीव लागतो.

साताऱ्याची जागा आधी बघितली. मागच्या सीटवर गादी टाकून तिला आडवी करून नेलं. तिथला व्यवस्थापक फाटकापर्यंत घ्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. आत शिरल्यावर मला तर बराकीत आल्यासारखं वाटलं. एका रेषेत खाटा, चादरींच्या घड्या ताणून खोचलेल्या, फिनेलचा वास. प्रत्येक खाटेशी ऑक्सिजनची सोय, प्रत्येक खाटेशी नर्सला बोलवायची बेल. बेलच्या वायरीसुद्धा नीट गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या. माझं मन भरलं. आयुष्यभर मी अशीच शिस्त लावली आणि पाळली होती.

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या हिनं मधेच हात वर करून मला थांबवलं. तिच्याच वयाची एक बाई खाटेवर पडली होती. हिनं तिला विचारलं, "बाई, लय दुखाय लागलं तर येत्यात का वं लगीच?"

त्या बाईनं आधी दारात उभ्या असलेल्या आयाकडं बघितलं. मग म्हणाली, "चांगलं बघत्यात. काय तरास न्हाई."

व्यवस्थापकानं हसून मान हलवली. आम्ही स्वयंपाकघर बघितलं, बाग बघितली, त्यांनी दिलेलं सरबत प्यायलो. परत येताना ही डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपली. कराडच्या अलीकडं मी म्हणालो, "मला तर पसंत आहे."

डोळे न उघडता ती म्हणाली, "ती बाई बोलायच्या आदी दाराकडं बघत हुती."

माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सुटला. ते बघणं मला चांगलं माहीत होतं. पलटणीत मोठा साहेब तपासणीला आला की रांगेतल्या जवानाला विचारायचा, कोई तकलीफ? जवान आधी आपल्या सुभेदाराच्या तोंडाकडं बघायचा आणि मग सांगायचा, नहीं साब. मी रांगेत उभा राहून असं बघितलं होतं आणि पुढं माझ्या तोंडाकडंही पोरांनी तसंच बघितलं होतं. समोरची बाई तेच करत होती, आणि मी चादरीच्या घड्या बघत होतो.

"आन् त्या बेलीची वायर," ती पुढं म्हणाली, "खिळ्याला अडकिवलीया. झोपल्या मान्साचा हात पोचंल का तितं?"

गाडी चालवत राहिलो. दमणूक पायातून वर चढत होती. पुन्हा एकदा हिला उचलून गाडीत घालायचं, पुन्हा गचके, पुन्हा तो बोळा, असं सगळं डोळ्यापुढं आलं. खरं सांगायचं तर, चालंल गं, एवढं कशाला बघतेस, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण राहायचं तिला होतं.

रहिमतपूरच्या पुढच्या जागेला आठ दिवसांनी गेलो. फोन करून, वेळ ठरवून गेलो होतो, तरी घ्यायला कुणी आलं नाही. जुनी बैठी इमारत, भिंतीचे पोपडे निघालेले, वऱ्हांड्यात दोन बाकं. तिथं काम करणाऱ्या एका मावशीनं हिला खाटेवर आडवी व्हायला जागा करून दिली आणि "सिस्टर आत हायत, यायला येळ लागंल," एवढं सांगून ती गेली. आम्ही बसून राहिलो. अर्धा तास गेला, त्यावरही गेला. मला राग येऊ लागला. पेशंट घेऊन आलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय?

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी चहाचा कप हातात घेऊन बसली होती. तीच मावशी परत आली तेव्हा म्हातारीनं कप तिच्यापुढं धरला. "ह्यो च्या हाय का भांडी धुतल्यालं पानी?"

"आज्जी, कालचा ग्वाड लागला म्हनून वराडलीस. आज साकर कमी घातली."

"मग कालचा बरा हुता."

"बरं, उद्या कालच्यागत करते," म्हणत मावशी कप घेऊन गेली. माझ्या बायकोला हसू आलं. हसल्यानं कमरेत कळ गेली तरी ती हसत होती.

शेवटी सिस्टर बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, डोळे लाल. म्हणाल्या, "माफ करा. आत एक आजोबा आत्ताच गेले. त्यांचा मुलगा हात धरून बसला होता, त्याला एकटं सोडून येता येईना."

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

त्यांनी आम्हाला इमारत दाखवली नाही. हिच्या खाटेशी खाली फरशीवरच बसल्या आणि विचारलं, "मावशी, सगळ्यात जास्त कुठं दुखतं?" हिनं सांगितलं. मग त्यांनी झोप विचारली, परसाकडला साफ होतं का ते विचारलं. हिनं लाजून माझ्याकडं बघितलं आणि मी उठून लांब जाऊन उभा राहिलो. तिथूनही ऐकू येत होतं.

"हितं मराय येत्यात न्हवं समदी?" हिनं विचारलं.

"बरेच जण इथंच जातात," सिस्टर म्हणाल्या. "काही जणांना थोडं बरं वाटलं की घरी जाऊन राहून येतात."

"दुखत दुखत जात्यात?"

"बहुतेकांचं दुखणं आटोक्यात येतं. सगळ्यांचं येतंच असं नाही. तुमचं नाही आलं तर मी तुम्हाला तसं सांगेन. खोटं सांगणार नाही."

मग हिनं मला हाक मारली. "आवं, हितंच."

मला पटलं नव्हतं. न्हाणीघराची फरशी फुटकी होती. डॉक्टर रोज येत नव्हते, आठवड्यातून तीनदा यायचे. तिथून हायवे लांब. गाडीशी उभं राहून मी हे सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं बरुबर हाय. पर हितंच."

तिथं ती राहिली ते दिवस मी शेजारच्या खाटेवर काढले. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि कितीतरी महिन्यांनी मी तिला पाठीवर सरळ झोपलेली बघितली. पदर पदराच्या जागी होता. मी तिच्याकडं बघत बसलो आणि बसल्याजागी झोपलो. उठलो तेव्हा मावशी तिला वळवत होत्या, मला कुणी उठवलं नव्हतं. माझ्या जागी कुणी उभं राहिलं की काय वाटतं, ते मी विसरलोच होतो.

सगळंच काही चांगलं झालं नाही. एका रविवारी दुखणं एकाएकी उसळलं. ठरलेली गोळी देऊन झाली होती, जास्त द्यायला डॉक्टरांना विचारावं लागायचं, आणि डॉक्टरांचा फोन लागेना. सकाळपासून दुपारपर्यंत ती तळमळत होती. मी सिस्टरना नको नको ते बोललो. त्या तोंड फिरवून निघून गेल्या नाहीत. फोन लावत राहिल्या, पाठ शेकत राहिल्या. दुपारी फोन लागला, औषध मिळालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्टूल ओढून हिच्यापाशी बसले आणि म्हणाले, "मावशी, काल चूक आमची झाली. फोन लागला नाही तर काय करायचं, हे मी आधीच सांगून ठेवायला हवं होतं." मग एकाएकी कळ आली तर किती औषध द्यायचं, ते त्यांनी सिस्टरना तिथंच ठरवून दिलं. पुन्हा तशी वेळ आली नाही.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "दुसरीकडं जायचं का?"

"चूक झाली म्हनला न्हवं त्यो?" ती म्हणाली. "कोन म्हनतंय तसं?"

शेवटच्या आठवड्यात सिस्टरनी मला वऱ्हांड्यात बसवून सांगितलं, आता काय काय होईल. खाणं थांबेल, हातपाय गार पडतील, श्वास घरघरेल, मधेच थांबेल, परत सुरू होईल. "घाबरून मोठ्या दवाखान्यात पळवू नका काका. वाटलं तर नक्की न्या, तुमचा हक्क आहे. पण तिथं नळ्या घालण्यापलीकडं काही होणार नाही." त्यांनी सांगितलं तसंच, त्याच क्रमानं झालं. म्हणून मी घाबरलो नाही. मुलगा उशाशी होता, मी पायाशी. कापसानं तिचे ओठ ओले करत होतो. दुपारी श्वास थांबला आणि आम्ही पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. तिथं कुणी घाई केली नाही, कुणी खाट मोकळी करा म्हटलं नाही.

वहिनी हिरवं लुगडं, चुडा आणि हळदकुंकू घेऊन आल्या. तोंड घट्ट मिटलेलं. मावशींबरोबर त्या हिला न्हाऊ घालायला आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि बाकावर माझ्याशेजारी बसल्या.

"पाठ बघितली," त्या म्हणाल्या. "एक जखम न्हाई भावजी. सासूबाईंची पाठ माज्या हातानं धुतलीया मी. मुठीएवढी भोकं पडली हुती. लय केलं तरी पडली." पदरानं तोंड पुसून त्या परत आत गेल्या. गावात मग कुणी काही बोलायला लागलं की वहिनीच त्याला गप्प करायच्या.

सगळे विधी झाले, मुलगा पुण्याला गेला. काम काही राहिलं नाही तरी दमणूक गेली नाही. सकाळी उठल्यावर पुन्हा झोपावंसं वाटायचं. जेवण वहिनी पाठवायच्या, ते तसंच झाकून राहायचं.

महिन्याभरानं सिस्टरचा फोन आला. काहीतरी विसरलं असेल, सही राहिली असेल असं वाटलं. तसं काही नव्हतं.

"काका, जेवताय का?"

"जेवतो."

"झोप?"

"झोपच झोप. दिवसभर. तरी अंग उचलत नाही."

"किती दिवसांचं साचलंय ते. निघायला वेळ लागेल. चक्कर येते का, छातीत दुखतं का?" त्या विचारत गेल्या, मी सांगत गेलो. मग कधी नव्हे ते हिच्याबद्दल बोललो. तिला जोंधळ्याची भाकरी आणि नुसतं दही आवडायचं, असलंच काहीबाही. त्या ऐकत होत्या. मागून कुणीतरी त्यांना हाक मारली.

"काका, बोलावतायत. ठेवते. परत करीन."

मी फोन खाली ठेवला. त्या दिवशी उसाला पाण्याची पाळी आमची होती. चपला घातल्या आणि मोटर चालू करायला गेलो.