कड्याच्या आव्यात माझा जाडजूड घट

प्रदर्शनाला पंधरा दिवस उरलेले, निमंत्रणपत्रिकेवर फोटोही छापून झालेला, आणि माझा लाडका घट अजून कच्चाच! गुडघ्याएवढा, पोट सुटलेला, स्टुडिओतल्या विजेच्या भट्टीत काही केल्या मावेना. तेवढ्यात कळलं की आष्टीकडच्या कडा गावाजवळ कुंभारांच्या सहकारी संस्थेचा आवा, म्हणजे उघड्यावरची मोठी भट्टी, रविवारी पेटणार आहे. मैत्रीण विद्या म्हणाली, "निघू या की!" झालं. पहाटे पाचला घट गोधडीत गुंडाळला आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला.

पुणे, नगर आणि तिथून आष्टीचा रस्ता. चहा-नाश्ता धरून पाच तास लागतात. वाटेत झाड दिसलं की गाडी लावा, पुढचं कधी येईल सांगता येत नाही. कड्याच्या अलीकडे एका धाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. दोघींचे दोनशे रुपये झाले. ठेच्यानं माझ्या कानांतून धूर काढला आणि तरी मी दुसऱ्यांदा मागितला.

संस्थेचं अंगण माठांनी आणि रांजणांनी नुसतं भरून गेलं होतं. संस्थेच्या अध्यक्ष गयामामी आवा रचत होत्या. गावात टँकर आठवड्यातून दोनदा, म्हणून पाणी साठवायला रांजण हवेत. आणि रांजणाची माती भिजवायला पाणी कुठलं? तर त्याच टँकरचं! बारा घरांनी आपल्या वाटणीतून एकेक हंडा काढला होता.

मी ऐटीत घट पुढे केला. मामींनी बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला, पुन्हा टकटक.

"ह्यात काय भरायचं, ताई?"

"काही नाही. नुसता बघायचा."

"अगं बया! आन् बुडाला एवढी माती कावून घातली?"

"तो... पृथ्वीचा भार आहे," मी म्हणाले. विद्या खो खो हसत सुटली.

मामी मात्र हसल्या नाहीत. "वरून वाळला, आतून वला हाय. आव्यात फुटला तर शेजारचे धा माठ घिऊन जाईल. पर तुमी लई लांबून आलात, पाव्हण्याला न्हाई कसं म्हणू? तुमीच सांगा, ठिवू का?"

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मला पत्रिकेवरचा फोटो दिसत होता, आणि ते बारा हंडेही.

"नको," मी म्हणाले आणि चक्क रडले.

"रडता कावून? कच्ची माती हाय, भिजली की पुन्ना नवी!" मामींनी माझ्या हातात माती कुटायचं लाकडी बडवणं दिलं. घटावर पहिला घाव घालताना जीव गेला. पाचव्याला मी आणि विद्या वेड्यासारख्या हसत होतो. तुकडे मातीच्या खड्ड्यात गेले आणि आम्ही नखशिखान्त धुळीनं माखलो. निघताना एक माठ घेतला. तुम्ही घ्याल तेव्हा लक्षात ठेवा, त्याला साबण अजिबात लावायचा नाही.

प्रदर्शनात घटाची जागा रिकामीच राहिली. येईल त्याला मी सगळी हकिकत रंगवून सांगितली, न लाजता.

परवा मामींचा फोन आला. "त्या आव्यातलं एक बी फुटलं न्हाई! आन् तुमच्या मातीचे तीन माठ झाले, त्याच्या पुढच्या आव्यात भाजले. काल बाजारात गेले बी."

"कुणी नेले?" मी ओरडलेच.

"आता ते काय ठावं? पीत असतील पानी."

मी स्वयंपाकघरातच नाचले. पंधरा वर्षं मातीत हात आहेत माझे, पण माझ्या मातीतलं पाणी आजवर कुणी प्यायलं नव्हतं.