वासुदेवरावांची सरळ सायकल

सुदामा नगरातले आमचे शेजारी वासुदेवराव नव्वदीला टेकले तरी सायकल उत्तम चालवतात. फक्त सरळ. चौक आला की उतरतात, सायकल उचलून तिचं तोंड फिरवतात आणि पुन्हा टांग मारतात. मागून कोणीतरी ओरडतं, "अंकलजी, हँडल दिया है भिया, घुमाओ!" वासुदेवराव त्याला नमस्कार करतात. नव्या लग्नात पूर्णिमाकाकू कॅरिअरवर बसायच्या आणि दर चौकात उतरायच्या. अर्धं इंदूर त्यांनी पायीच पाहिलं.

दोष महायुद्धाचा. सांवेरकडे गव्हाच्या शेतांत तेव्हा विमानांची धावपट्टी होती आणि शेजारी तारांच्या कुंपणात इटालियन कैदी. वासुदेवरावांचे वडील तिथे कारकून. पट्टीचे खड्डे बुजवायला कैदी आणत. त्यांतल्या एत्तोरेनं लहानग्या वासूला वडिलांच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, कैंची शिकवली. कैद्याला चुन्याच्या रेषेपलीकडे जायची बंदी. तो सीट धरून रेषेपर्यंत धावायचा आणि हात सोडायचा. वासू सरळ टोकाला जायचा, उतरायचा, सायकल फिरवून परत यायचा. वळायचं उद्या शिकवतो, असं एत्तोरेनं खुणा करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बराकी रिकाम्या होत्या. रातोरात सगळ्यांना गाडीत घालून कुठेतरी नेलं होतं.

पुढे शिकवायला निघालेल्या प्रत्येकाला वासुदेवरावांनी चहा पाजून परत पाठवलं.

यंदा कळलं की पट्टी खोदून तिथे कॉलनी होणार. एकदा तिथे सायकल चालवायचीच, असा वासुदेवरावांनी धोशा लावला. शेवटी नात इरावतीनं सायकल टेम्पोत टाकली. कौतुक बघायला मीही चढलो.

पट्टीवर सोयाबीन वाळत पडलं होतं. शेतकऱ्यानं हसत ते बाजूला ओढलं.

"आबा, मी सीट पकडते. टेन्शन नका घेऊ."

वासुदेवराव निघाले. इरावती धापा टाकत मागे. टोक आलं.

"आता लेफ्ट, आबा! वळवा, मी आहे ना!"

त्यांनी ब्रेक दाबला आणि उतरले. "तू नको गं."

"अहो, दो मिनट का काम है!"

"ते मलाही ठाऊक आहे." बराकींच्या जागी आता नुसती शेतं होती. वासुदेवराव तिकडे बघत राहिले. "त्याचा एक पोरगा होता, माझ्याएवढा. असा हात धरून उंची दाखवायचा. त्याला तरी शिकवलं असेल ना, घरी गेल्यावर?"

"शिकवलंच असणार, आबा."

"मजा आहे लेकाची," वासुदेवराव म्हणाले.