चुडामणभाऊंच्या डिकीचं झाकण

चुडामणभाऊंनी मोटार आणली तेव्हा धुळ्यातली आमची अख्खी गल्ली तोंडात बोट घालून उभी होती. त्यात एक बोट माझंही. ज्या माणसानं उभी हयात एसटीच्या बाकांची फाटकी रेक्झिनं शिवण्यात घालवली, त्यानं आणावी काय, तर कापडी टपाची गाडी! टप मागं दुमडला की आत बसलेला माणूस कमरेपासून वर थेट उघड्यावर. मेच्या उन्हात धुळ्यात असल्या गाडीत कोण बसणार, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

"नवरदेव," भाऊ म्हणाले. "आता घोड्याचे दिवस संपले."

आणि खरंच संपले होते. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार. आता वरातीत बँडपेक्षा कॅसेटचा आवाज मोठा लागायचा. भाऊंनी डिकीत बेसचे दोन काळे डबे बसवले, मागच्या सीटच्या माथ्यावर शेजारच्या रुक्माबाईंच्या परसातली मोगऱ्याची माळ लावली आणि पहिली वरात घेऊन निघाले.

पहिल्याच ठोक्याला डिकी बोलली. बेसचा आवाज 'धम्' असा यावा, तर त्याच्या मागोमाग 'खडाड' असं उत्तर. धम्, खडाड. धम्, खडाड. नवरदेवाचा मामा म्हणाला, "पाव्हणं, वरात आणली का बोहारणीची पाटी?" भाऊ घरी आले ते मान खाली घालूनच. मी गल्लीत ही गोष्ट फारशी कुणाला सांगितली नाही. जे समोर भेटले तेवढ्यांनाच.

त्या दिवसापासून खडखडाट हा त्यांचा वैरी झाला. डिकीच्या कडेनं सायकलीच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. नंबर प्लेटखाली रबर घातलं. जॅक आणि पाने चिंधीत गुंडाळून, जणू पोर झोपवताहेत अशा हातानं, कोपऱ्यात ठेवले. आवाज निम्म्यावर आला. मग त्यांना कुणीतरी सांगितलं, पत्र्याला आतून डांबर लावा, पत्रा जड झाला की थरथरत नाही. सल्ला काही खोटा नव्हता. पण सांगणारा बहुधा थंड हवेच्या गावचा असावा. धुळ्याच्या उन्हानं पुढच्या वरातीत ते डांबर वितळलं आणि डिकीत ठेवलेल्या करवलीच्या शालूवर ठिपके पडले. करवलीनं जे तोंड सोडलं ते मी इथं लिहीत नाही.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून द्रौपदाबाईंचा आवाज आला. द्रौपदाबाई म्हणजे चुडामणभाऊंची बायको. बाईंच्या तोंडाला कधी ट्यूबची पट्टी लागली नाही.

"सोनगीरनी वरात शे ना? मी सोता गाडीमा बसस. एकदाबी खडखडनी ते गाडी इकी टाकानी. मंग तुम्ही आणि तुमना बाकडा."

म्हणजे एकदा जरी वाजली, तर गाडी विकायची. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी हौसेनं आणलेली ती एकच वस्तू, आणि तिचा निकाल आता सोनगीरला लागणार होता.

पुढचे दिवस ते गाडीच्या मागच्या अंगाला अर्धे आत, अर्धे बाहेर असे दिसायचे. मी विचारलं, "भाऊ, डिकीत राहायला गेलात का?"

"लोखंडाला लोखंड लागतं म्हणून वाजतं," आतून आवाज आला. "आता लागूच देत नाही."

बाहेर येऊन त्यांनी दाखवलं ते पाहून मी थक्कच झालो. या माणसानं झाकणाच्या बिजागऱ्याच काढून टाकल्या होत्या! झाकण ट्यूब कापून केलेल्या वाद्यांवर टांगलेलं, खालून सुतळीनं बांधलेलं. आणि डब्यांच्या आजूबाजूला, वरखाली, ठासून भरलेली पोती.

"यात काय?"

भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं. "सरकी."

कापसातली सरकी, म्हशीच्या आंबोणाची. वाळू गळते, कापूस हलका पडतो. सरकी जडही आणि मऊही. डोकं चांगलं चाललं होतं. फक्त ती सरकी द्रौपदाबाईंच्या म्हशीची होती आणि द्रौपदाबाईंना ते ठाऊक नव्हतं.

वरातीला मीही गेलो. शेजारधर्म. सोनगीरला पोचलो तो बाजाराचा दिवस, चार गावची जनावरं विकायला आलेली. मागच्या वजनानं गाडीचं नाक आभाळाकडं. नवरदेव मागच्या सीटच्या माथ्यावर, पुढं भाऊंच्या शेजारी द्रौपदाबाई, न्यायाधीशासारख्या. मी गाडीच्या बाजूनं चालत होतो.

कॅसेट लागली. धम्. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. धम्. पुन्हा धम्. बास. दुसरं काहीही नाही! पोटात घुमणारा, गोल, भरलेला आवाज. पोरं नाचायला लागली. चुडामणभाऊंचा चेहरा असा झाला की जणू नवरदेव तेच.

"आयकू येस का काही?" त्यांनी बायकोला विचारलं. द्रौपदाबाईंनी नुसता कान टवकारला.

तेवढ्यात गाडी मागं ओढल्यासारखी झाली.

मी वळून पाहिलं. बाजारातला एक पांढरा बैल डिकीच्या फटीत तोंड घालून निवांत चघळत होता. पोतं फाटून खाली सरकीचा पांढुरका सडा, त्यावर दोन शेळ्या, आणि मागून तुटक्या दाव्याची एक म्हैस लगबगीनं येत होती. कुणीतरी बैलाच्या पाठीत काठी घातली. त्यानं मान वर झटकली. शिंग सुतळीत अडकलं, ट्यूबच्या वाद्या ताणल्या, तुटल्या, आणि अख्खं झाकण बैलाच्या शिंगावर.

बैल उधळला. बाजारातून खडाड, खडाड, खडाड करत धावत सुटला. भांडीवाला दुकान सोडून पळाला. नाचणारी पोरं जागच्या जागी पुतळे झाली. नवरदेव सीटवर उभा राहून पाहत होता. आवाज लांब लांब जात सोनगीरच्या किल्ल्याच्या अंगाला विरला. आणि गाडीतून मात्र आपलं गोल, भरलेलं धम्, धम्.

चुडामणभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं.

द्रौपदाबाई खाली उतरल्या. मूठभर सरकी उचलून डोळ्यांजवळ नेली. "ही मन्ही म्हैसनी सरकी शे," त्या सावकाश म्हणाल्या. मग त्यांनी बैल गेला त्या दिशेला बघितलं, उघड्या डिकीकडं बघितलं.

"गाडी नही खडखडनी," त्या म्हणाल्या. "बैल खडखडना."

आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

बोलल्याप्रमाणं गाडी राहिली. मात्र म्हशीची सरकी भरून देईपर्यंत भाऊंना चहात दूध मिळालं नाही. गाडीला झाकण पुन्हा कधी लागलं नाही. डिकीवर ते ताडपत्री शिवून बसवायचे, एसटीच्या बाकासारखी, गच्च टाक्यांनी. त्या गाडीतून नंतर निम्म्या तालुक्याचे नवरदेव गेले.

झाकण बैलवाल्यानं आणून दिलं. द्रौपदाबाई त्यावर गच्चीत पापड वाळवतात. आग्रा रोडवरून जड ट्रक गेला की ते भिंतीला लागून थोडं वाजतं. मग खाली गाडी पुसणारे चुडामणभाऊ फडकं टाकून अनवाणी जिन्यात येतात. परवा मी माझ्या गच्चीत होतो. भाऊ धापा टाकत वर पोचले, तर द्रौपदाबाईंनी शांतपणे कोपऱ्यातला वरवंटा उचलून झाकणावर ठेवला. आवाज बंद.

ट्यूब झाली, डांबर झालं, सरकी झाली; भाऊ वरवंट्याकडं पाहतच राहिले.