पुलावरचं भोक

सरकारी पिवळ्या रंगावर माझा फार विश्वास आहे. गंज कितीही खोल गेलेला असो, वरून दोन हात मारले की लोखंड पुन्हा तरुण होतं. निदान साहेबांची फेरी होईपर्यंत तरी.

दासगावच्या बाजूला आमच्या ओढ्यावर रेल्वेचा एक लहानसा पूल आहे. रुळांच्या कडेने कामगारांना चालायला लोखंडी पत्र्यांची अरुंद वाट, तिला कठडा. अलीकडे आमची घरं, पलीकडे काकीचं भातशेत. पावसाळ्यात ओढा भरला की शेतावर जायचं ते याच वाटेने, नाहीतर हमरस्त्याने भलामोठा वळसा. रेल्वेच्या हद्दीतून चालणं गुन्हा आहे हे काकीला चांगलं ठाऊक आहे. पण लावणी कुणासाठी थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या वाटेतला एक पत्रा गंजून फाटला. पाऊल सहज आत जाईल एवढं भोक पडलं, आणि खाली दगडांवरून धावणारं गढूळ पाणी. काकीची चप्पल त्यातून गेली, पाय थोडक्यात वाचला. मी महाडला नोकरीला, म्हणजे गावाच्या मते साहेबलोकांशी बोलण्यासाठीच जन्मलेला. स्टेशनात जाऊन सगळं सांगितलं. तत्परता तर बघा, लगेच माणसं आली. त्यांनी कठड्याला पिवळा रंग दिला आणि भोकाच्या शेजारी जाडजूड लोखंडी बोर्ड तारेने बांधला: ‘धोका! पुलावरून चालू नये.’ भोक होतं तिथेच राहिलं.

काकीने बोर्ड बोटांनी वाजवून पाहिला. "पत्रा भारी हाय रे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने तो सोडवला आणि भोकावर आडवा टाकून त्याच तारेने पक्का आवळला. अक्षरं खाली, कोरी बाजू वर.

"उलटा का टाकलास?" मी विचारलं.

"अक्षरांवर पाय देतात काय? आनि तू म्हने शिकलेला!"

कायदा मोडतानाही सरस्वतीचा मान राखणारी बाई आमच्याच घरात आहे, याचा मला अभिमान वाटला. रेल्वेचे कामगारही त्यावरून बिनघोर जाऊ लागले. कुणी तक्रार केली नाही.

मग साहेब तपासणीला आले. मी काकीबरोबर पुलाच्या टोकाशी थांबलो होतो. साहेबांनी नव्या रंगाचं कौतुक केलं, चालत आले आणि नेमके भोकावर उभे राहिले.

"इथला बोर्ड कुठे गेला?"

साहेबांबरोबरच्या चौघा कामगारांनी काकीकडे पाहिलं. ती पुढे झाली.

"हरवला नाय, सायेब. तुमच्या पायाखालीच हाय."

साहेब टुणकन बाजूला झाले. बोर्ड उलटवला गेला, मजकूर वाचला गेला, आणि पहिल्यांदाच कुणीतरी अधिकाराने त्या भोकातून खाली पाहिलं. मला वाटलं, आता तरी अक्कल येईल.

"रेल्वेच्या मालाला हात लावता?" ते काकीवर ओरडले. "ही वाट तुमच्यासाठी नाहीच! आमच्या कामगारांसाठी आहे!"

"मंग त्यांचे पाय काय लोखंडाचे हायत?"

मागे हातोडे घेऊन उभे असलेले चौघे खाली बघू लागले. साहेबांनी हुकूम सोडला आणि त्याच दुपारी बोर्ड पुन्हा उभा राहिला, या वेळी नव्या कोऱ्या बोल्टांनी, वादळातही हलणार नाही असा. भोकाला मात्र कुणी एक खिळासुद्धा लावला नाही. ते चौघे आपली हत्यारं सावरत, एकमेकांचा हात धरून, एकेक करून ते ओलांडून गेले. इतका वेळ मी गालातल्या गालात हसत होतो. त्यांना तसं जाताना पाहिलं आणि मला संताप आला.