सोमवारची बरणी

"सब ठीक है" हे तीन शब्द कानावर पडले की बाईंची उजवी भुवई अशी चढायची, की मंडळी, हजरतगंजची मेट्रोसुद्धा क्षणभर जागच्या जागी थांबली असती. मग शांतपणे विचारायच्या, "कोणी मोजलं?"

बाई अलीगंजात आमच्या शेजारी एकट्या राहायच्या. संशोधन संस्थेतून निवृत्त. तरुणपणी, सोव्हिएत काळात, कीवला शिकायला होत्या. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, आणि तरीही चारपाच दिवसांनी सरकारने मे दिनाची मिरवणूक काढली. "आम्ही झेंडे नाचवले हो! सगळं ठीक आहे म्हणाले ना." पुढे तिथलेच लोक "आकडे दाखवा" म्हणत रस्त्यावर उतरले. बाई तोवर परतल्या होत्या, पण तो हट्ट सामानात बांधून घेऊन आल्या.

शहराबाहेर बख्शी का तालाब नावाच्या गावाकडच्या एका तळ्यात कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं पाणी शिरू लागलं. त्या तळ्यावर गावाची गुरं, भाजी, सगळंच. बाई दर सोमवारी स्कूटरवरून जाऊन लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ते पाणी भरून आणायच्या, तारखेची चिठ्ठी चिकटवायच्या आणि फ्रिजमध्ये ठेवायच्या. मी एकदा पन्हं समजून घोटभर प्यायलो. तीन दिवस जीभ हिरवीगार. रात्री दिवा लावावा लागला नाही, बायकोला विचारा.

बाई ओरडल्या, "अहो इंजिनियर, नमुना कमी केलात! जा, भरून आणा."

तेव्हापासून मी त्यांचा हमाल.

एक दिवस प्रदूषण खात्यात, बाईंच्या तक्रारीची फाइल ज्यांच्याकडे होती त्या साहेबांच्या टेबलावर आम्ही चाळीस बरण्या मांडल्या. पहिलीतलं पाणी नितळ, शेवटच्या बरणीत नुसती शाई.

"मैडम, सब ठीक है. फाइल बंद कर रहे हैं."

भुवई चढली. "अच्छा? तो यही लिखिए, और नीचे दस्तख़त कीजिए. तारीख मैं चिपका दूँगी."

साहेबांनी पेन उघडलं, बरण्यांकडे पाहिलं, पेन मिटलं. फाइल उघडीच राहिली.

या जानेवारीत बाई गेल्या. तेराव्याच्या आत साहेबांचा फोन. "मैडम तो रहीं नहीं. अब बंद कर दें?"

त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडेच होती. आत गेलो. ओट्यावर धुऊन पुसलेल्या रिकाम्या बरण्यांची रांग. प्रत्येकीवर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी, येणाऱ्या एकेका सोमवारची तारीख, थेट डिसेंबरपर्यंत.

तो दिवस सोमवारच होता. त्या तारखेची बरणी उचलली आणि तळ्याकडे निघता निघता साहेबांना फोन लावून म्हटलं, "साहब, मेज़ खाली करवाइए. हम आ रहे हैं."